'ध'चा 'मा' : सिकलसेलच्या एका अक्षराची गोष्ट

एका अक्षराने केवढा अनर्थ होतो, हे मराठी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रघुनाथरावांच्या पत्रात 'धरावे' असे होते आणि आनंदीबाईंनी त्याचे 'मारावे' केले, अशी आख्यायिका त्या खुनामागे उभी राहिली. तिला भक्कम कागदोपत्री आधार नाही. तरीही 'ध'चा 'मा' करणे हा वाक्प्रचार भाषेत मुरला, कारण त्यात घटनेचे कारणही मिळते आणि दोषी माणूसही मिळतो.

विदर्भातल्या हजारो घरांत आज असाच एक 'ध'चा 'मा' झालेला आहे. तो कागदावर नाही, रक्तात आहे. त्याचे नाव सिकलसेल. या लेखात मला त्या अक्षराचा माग काढायचा आहे. ते कुठे लिहिलेले आहे, बदलल्याने नेमके काय बिघडते, ते टिकून कसे राहिले, आणि त्यासाठी आपण ज्यांना आनंदीबाई ठरवतो त्यांचा खरोखर काही दोष आहे का, हे प्रश्न आहेत.

मी डॉक्टर नाही, जीवशास्त्राचा प्राध्यापकही नाही. शिक्षण मराठी साहित्याचे. पुढचे सारे शब्दकोश शेजारी ठेवून, पुस्तके आणि शोधनिबंध पुन्हा पुन्हा वाचत शिकलो. राहतो नरखेड तालुक्यात. नागपूर जिल्ह्याचे हे वायव्य टोक. एका अंगाला मध्य प्रदेशातले पांढुर्णा, दुसऱ्या अंगाला अमरावती जिल्ह्यातले वरूड, मधून वर्धा नदी आणि नागपूर-इटारसी रेल्वेमार्ग. संत्र्याचा आणि कापसाचा हा मुलूख. सोयरिकी तीन जिल्ह्यांत आणि दोन राज्यांत होतात. त्या सोयरिकींच्या बोलण्यांत 'त्यांच्या घरी सिकल आहे' हे वाक्य दबक्या आवाजात इतक्यांदा ऐकले, की ते नेमके काय आहे हे समजून घेतल्याशिवाय राहवेना.

रक्तातला हमाल

आपले रक्त लाल दिसते ते हिमोग्लोबिन या प्रथिनामुळे. तांबडी पेशी म्हणजे या प्रथिनाने ठासून भरलेली पिशवीच. एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. फुफ्फुसात प्राणवायू उचलायचा आणि शरीराच्या कानाकोपऱ्यात नेऊन उतरवायचा, ही हमाली त्यांच्याकडे असते.

हा रेणू चार साखळ्यांचा असतो. त्यांतल्या दोन अल्फा, दोन बीटा. अल्फा साखळीत १४१ मणी, बीटा साखळीत १४६. हे मणी म्हणजे अमिनो आम्ले. प्रत्येक साखळी गुंडाळून तिची मोळी झालेली असते आणि मोळीच्या खोबणीत लोहाचा एक अणू बसवलेला असतो. प्राणवायू धरतो तो हा लोहाचा अणू. चार साखळ्या, चार लोहाचे अणू, म्हणून एका खेपेला प्राणवायूचे चार रेणू.

मॅक्स पेरुट्झ या शास्त्रज्ञाने १९३७ च्या सुमारास या रेणूची रचना शोधायला घेतली. क्ष-किरणांच्या साह्याने तिचे चित्र हाती यायला दोन दशकांहून अधिक काळ गेला. १९६२ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्याला आणि जॉन केंड्रू याला मिळाले. पेरुट्झच्या कामातून कळलेली एक गोष्ट आपल्या कथेत फार महत्त्वाची आहे. हिमोग्लोबिनचा रेणू एकाच आकारात राहत नाही. प्राणवायू घेतला की चारही साखळ्या किंचित सरकतात आणि रेणूचा आकार बदलतो. प्राणवायू सोडला की तो पुन्हा जुन्या आकारात येतो. रेणू जणू स्वतःच श्वास घेत असतो. सिकलसेलचे सगळे दुखणे या दुसऱ्या, म्हणजे रिकाम्या आकारात दडलेले आहे.

अक्षर कुठे बदलले?

बीटा साखळी कशी बनवायची याचा मजकूर आपल्या अकराव्या गुणसूत्रावर आहे. त्या मजकुराला एचबीबी जनुक म्हणतात. सुमारे सोळाशे अक्षरांचा हा लहानसा जनुक. त्याचे तीन अर्थपूर्ण परिच्छेद आहेत आणि त्यांच्यामध्ये दोन मजकूर असे, की जे पेशी वाचताना कापून टाकते. लिपी अवघ्या चार अक्षरांची : ए, टी, जी आणि सी. तीन अक्षरांचा एक शब्द आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ एक अमिनो आम्ल.

बीटा साखळीतला सहावा मणी सांगणारा शब्द आहे जीएजी. त्याचा अर्थ ग्लुटामिक आम्ल. सिकलसेलमध्ये मधल्या 'ए'च्या जागी 'टी' येतो. शब्द होतो जीटीजी आणि अर्थ होतो व्हॅलिन. बाकी १४५ मणी जिथल्या तिथे.

अक्षर बदलले म्हणजे अर्थ बदललाच पाहिजे असे नाही, हेही इथे सांगायला हवे. याच शब्दातले शेवटचे अक्षर बदलून जीएए झाले असते, तर काहीही बिघडले नसते, कारण त्याचाही अर्थ ग्लुटामिक आम्लच होतो. 'पाणी' ऱ्हस्व लिहिले तरी तहान भागते, तसेच. काही चुका शुद्धलेखनाच्या असतात, काही अर्थाच्या. आपल्या सर्वांच्या जनुकांत पहिल्या प्रकारच्या चुका ढिगाने असतात आणि आयुष्यभर कळतही नाहीत.

ही दुसऱ्या प्रकारची का ठरली? ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो आणि ते पाण्यात रमते. व्हॅलिन भारहीन आणि तेलासारखे. ते पाण्यापासून अंग चोरते. हा सहावा मणी साखळीच्या बाहेरच्या अंगाला आहे. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला, त्याचा आकार बदलला, की शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीवर एक तेलकट खळगा उघडा पडतो. व्हॅलिन त्या खळग्यात नेमके जाऊन बसते. मग त्या रेणूला तिसरा, तिसऱ्याला चौथा चिकटत जातो. पाण्यात सुटे फिरणारे रेणू एकमेकांना जोडले जाऊन चौदा पदरांचा पीळदार दोर तयार होतो. असे ताठ दोर पेशीच्या आत वाढले, की गोल, लवचीक पेशी ओढली जाऊन विळ्याच्या आकाराची होते. इंग्रजीत विळ्याला 'सिकल' म्हणतात, म्हणून सिकलसेल.

निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याच्या आकाराची पेशी दहा ते वीस दिवसांतच फुटते, म्हणून रक्त सतत कमी. ताठर पेशी केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून मरणप्राय वेदना. पानथरी आधी वाढते, पुढे निकामी होते आणि लहान मुलांना जंतुसंसर्ग पटकन गाठतो. काहींच्या खुब्याचे हाड रक्ताअभावी झिजते, काहींना कोवळ्या वयात पक्षाघात होतो. एका अक्षरापासून खुब्याच्या हाडापर्यंतची ही साखळी विज्ञानाला आज कडीन् कडी ठाऊक आहे. असे फार थोड्या आजारांबाबत म्हणता येते.

दोर तयार व्हायला थोडा वेळ लागतो. एरवी त्याआधीच पेशी फुफ्फुसात परतते, प्राणवायू घेते आणि संकट टळते. पण पेशीतले पाणी कमी झाले, हिमोग्लोबिन थोडे जरी दाट झाले, तर हा अवधी झपाट्याने घटतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. उन्हात राबणाऱ्या सिकलसेलच्या रुग्णाला 'पाणी पीत राहा' असे डॉक्टर बजावतात, त्यामागे हे रसायनशास्त्र आहे. ताप, जुलाब, अतिश्रम आणि कडाक्याची थंडी टाळायला सांगतात तेही यासाठीच.

शोधाचा प्रवास : शिकागो ते नागपूर

१९१० साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तातल्या विळ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन पहिल्यांदा प्रसिद्ध केले. रुग्ण होता ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की या रुग्णांचे हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात वेगळ्या वेगाने सरकते. दोष रेणूतच आहे. 'रेणूचा आजार' ही कल्पना तिथे जन्मली. १९५६-५७ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इन्ग्रॅमने हिमोग्लोबिनचे तुकडे करून ताडून पाहिले आणि एकच मणी बदललेला आढळला. जनुकातल्या बदलामुळे प्रथिनातला नेमका एक मणी बदलतो, हे त्यातून सिद्ध झाले.

भारतात हे रक्त प्रथम नोंदले गेले १९५२ मध्ये, निलगिरीच्या आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांत. आणि १९५८ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी नागपुरातल्या सिकलसेलची नोंद प्रसिद्ध केली. केंब्रिजमध्ये बदललेला मणी सापडून जेमतेम दोन वर्षे होत होती. म्हणजे ज्ञान फारसे उशिरा आलेले नाही. ते नागपूरहून आमच्या तालुक्यांच्या गावांपर्यंत पोहोचायला मात्र पुढची कित्येक दशके गेली.

पुढे पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्रातल्या आदिवासी पाड्यांवर जाऊन वर्षानुवर्षे रक्ततपासण्या केल्या. नागपूरचे संपत रामटेके यांनी रुग्णांच्या आणि पालकांच्या वतीने सरकारदरबारी हा प्रश्न लावून धरला. रामटेके यांना २०१८ मध्ये आणि काटे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. विदर्भातल्या काही समाजांत वाहक जवळपास सापडत नाहीत आणि काहींत त्यांचे प्रमाण शंभरात पस्तीसपर्यंत जाते. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग या तिन्हींत हा जनुक आहे.

चूक टिकली कशी?

इतके घातक अक्षर निसर्गाने पुसून का टाकले नाही? याचे उत्तर हिवतापात सापडले. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये तांबड्या पेशींच्या आनुवंशिक दोषांचा हिवतापाशी संबंध असावा असे सुचवले. हेच हाल्डेन पुढे भारतात स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून सिकलसेलबाबत हे दाखवून दिले. ज्या मुलांमध्ये जनुकाची एक प्रत चांगली आणि एक बदललेली असते, ती घातक हिवतापातून इतरांपेक्षा खूप अधिक प्रमाणात वाचतात.

सातपुड्याच्या रानांत, नद्यानाल्यांच्या काठी, हिवतापाने मुले पटापट मरत होती त्या काळात हे अक्षर काही मुलांना वाचवत होते. त्याची किंमत दोन्ही प्रती बदललेल्या भावंडांनी मोजली. हा बदल मानवजातीत एकदाच झाला की निरनिराळ्या ठिकाणी, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण तो टिकला तो हिवतापाच्या प्रदेशांत, यावर नाही. म्हणजे हे रक्त कुणाच्या 'हीन' कुळाचे लक्षण नाही. ज्यांच्या पूर्वजांना पिढ्यान् पिढ्या हिवतापाशी झुंजावे लागले, त्यांच्या अंगावरची ती जुनी खूण आहे.

एएस, एसएस आणि लग्नाची बोलणी

आमच्याकडे संत्र्याचे झाड बियांपासून करत नाहीत. जंबेरीच्या खुंटावर हव्या त्या झाडाचा डोळा भरतात. म्हणून बागेतली सगळी झाडे एकाच झाडाच्या प्रती असतात. माणसाचे तसे नाही. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. एक आईकडची, एक बापाकडची. त्यातली कुठली पुढच्या पिढीत जाईल ते नाणेफेकीसारखे ठरते.

दोन्ही प्रती चांगल्या, तर एए. एक बदललेली, तर एएस, म्हणजे वाहक. दोन्ही बदललेल्या, तर एसएस, म्हणजे रुग्ण. वाहकाच्या पेशीत बदललेले हिमोग्लोबिन साधारण ४० टक्के असते. बाकीचे चांगले हिमोग्लोबिन दोर वळू देत नाही. त्यामुळे वाहक माणूस सर्वसाधारणपणे निरोगी आयुष्य जगतो. शेतात राबतो, मुलेबाळे वाढवतो आणि बहुधा आपण वाहक आहोत हे त्याला ठाऊकही नसते.

एएस व्यक्तीचे लग्न एए व्यक्तीशी झाले, तर एकही मूल एसएस होत नाही. दोघेही एएस असतील, तरच प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता एसएसची, दोन एएसच्या आणि एक एएची. 'प्रत्येक गरोदरपणात' हे शब्द महत्त्वाचे. पहिले मूल एसएस झाले, आता पुढची तीन सुटली, असा हिशेब मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. नाणे मागची फेक लक्षात ठेवत नाही. तसेच जनुक अकराव्या गुणसूत्रावर असल्याने मुलगा-मुलगी असा भेदही नाही.

आता वास्तव पाहा. माझ्या माहितीतल्या एका घरातली मुलगी एएस होती. धडधाकट, शिकलेली. मुलाकडच्यांनी तिचा रिपोर्ट मागितला, पाहिला आणि बोलणी मोडली. मुलाची तपासणी कुणी केलीच नव्हती. तो एए असता, तर त्या लग्नाला धोका शून्य होता. आणि तो स्वतः एएस असेल, तर पुढे ज्या न तपासलेल्या मुलीशी त्याचे लग्न होईल, तिथे धोका तसाच उभा आहे. एकाच बाजूचा रिपोर्ट मागणाऱ्यांच्या हाती काहीच लागत नाही. मुलीला डाग लागतो तेवढा. परिणाम असा, की पुढच्या घरची माणसे रिपोर्ट पेटीत दडवतात किंवा तपासणीच करत नाहीत. मग दोन न तपासलेले एएस सुखाने बोहल्यावर चढतात.

एसएस मूल जन्मले, की खापर पुन्हा आईवर फुटते. 'हिच्याच माहेरचं रक्त.' त्या मुलातली दोन अक्षरे दोन माणसांकडून आलेली आहेत. एक आईचे, एक बापाचे, अगदी समसमान. आनंदीबाई इथे नाहीच. हजारो वर्षांपूर्वी मजकुराची नक्कल करताना पेशीच्या हातून अक्षर निसटले. कुणी ते मुद्दाम बदलले नाही.

तपासणीबद्दलही एक सावधगिरी. शिबिरात केली जाणारी सोल्युबिलिटी चाचणी स्वस्त आणि झटपट असते. पण ती एएस आणि एसएस यांतला फरक सांगत नाही. तिच्यात दोष दिसला, तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करूनच निदान पक्के होते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात ही चाचणी फसू शकते. केवळ 'पॉझिटिव्ह' या एका शब्दावर लग्न मोडणारे कोणत्या आधारावर मोडतात, हे यावरून लक्षात येईल.

गर्भातले जुने पान

सहा महिन्यांच्या आत बाळाला त्रास का होत नाही? कारण गर्भात असताना आपण वेगळे हिमोग्लोबिन वापरतो. त्यात बीटाऐवजी गॅमा साखळ्या असतात आणि त्यांचा जनुक निराळा. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमाचे पान मिटते आणि बीटाचे उघडते. हे गर्भातले हिमोग्लोबिन दोर वळू देत नाही. काही माणसांत ते मोठेपणीही थोडे बनत राहते. भारतातल्या अनेक सिकलसेल रुग्णांत ते आफ्रिकी रुग्णांपेक्षा जास्त आढळते. म्हणून इथला आजार सौम्य असतो असे एकेकाळी मानले जाई. नागपुरात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी मुलांवर केलेल्या अभ्यासांतून मात्र अनेकांना तीव्र त्रास होतो हे पुढे आले.

हायड्रॉक्सियुरिया ही गोळी हे मिटलेले पान थोडेसे पुन्हा उघडते. ती महाग नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, अधूनमधून रक्त तपासत घेतली, तर वेदनेचे झटके आणि रक्त देण्याची वेळ कमी होते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने कॅसजेव्ही नावाच्या जनुकीय उपचाराला मान्यता दिली. त्यात चुकलेले अक्षर दुरुस्त करत नाहीत. रुग्णाच्या मूळपेशी बाहेर काढून, गॅमाचे पान मिटवणारी कळ निकामी करून त्या परत देतात. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली. आमच्या तालुक्यातल्या मजुराला तूर्तास उपयोगी आहेत त्या साध्या गोष्टी : ती गोळी, लहानपणीच्या लसी, पाणी आणि वेळेवरचे निदान.

निर्मूलन कशाचे?

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. १७ राज्यांतल्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट. मोहीम मोलाची आहे. 'निर्मूलन' हा शब्द मात्र आपण जपून समजून घ्यायला हवा.

दोन एएसनी जाणतेपणी एकमेकांशी लग्न टाळले, किंवा लग्न करून गर्भावस्थेतली तपासणी करून घेतली, तर एसएस बाळांची संख्या कमी होईल. जनुक त्यामुळे नाहीसा होणार नाही. एएस माणसे पुढेही जन्मतील, लग्ने करतील आणि तसे होण्यात काहीही वाईट नाही. निर्मूलन करायचे ते वेदनेचे. जनुकाचे निर्मूलन म्हटले की ते पाहता पाहता जनुक बाळगणाऱ्या माणसांपर्यंत, त्यांच्या मुलींच्या स्थळांपर्यंत आणि त्यांच्या जातीपर्यंत जाऊन भिडते. शिवाय जे एसएस आज आपल्यात आहेत, शाळेत जातात, परीक्षेच्या दिवशी वेदनेने तळमळतात, त्यांना 'पुढे असे कुणी जन्मू नये' एवढेच ऐकवून भागणार नाही. त्यांना शाळेत पाण्याची बाटली जवळ ठेवायची मुभा हवी, गोळी गावातल्या केंद्रात मिळायला हवी, आणि वेदना सांगितली की 'नाटक करतो' असे कुणी म्हणू नये.

दिवाळी सरली की तुळशीचे लग्न लागते आणि घरोघरी स्थळांच्या गोष्टी सुरू होतात. पत्रिकेतले छत्तीस गुण आपण दोन्ही बाजूंचे मिळवून पाहतो. एकट्या मुलीच्या पत्रिकेवरून गुण निघत नाहीत, हे अडाण्यालाही कळते. रक्ताच्या रिपोर्टाचेही तसेच आहे. मागायचा असेल तर आधी आपला पुढे ठेवावा, आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.